घड्याळाच्या दालनातला करार: शुमाँ योजनेच्या वाटाघाटी, १९५० ते १९५२

करार समजून घ्यायचा तर वाटाघाटींच्या टेबलावर काय झालं ते बघावं, असं आपण सहसा धरून चालतो. या प्रकरणाने माझा तो समज मोडला. युरोपियन कोळसा आणि पोलाद समुदायाचा करार लिहायला फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग अशा सहा देशांचे प्रतिनिधी जून १९५० पासून पुढे दहा महिने पॅरिसमध्ये बसले होते. पण त्यातला सगळ्यात मोठा निर्णय ते बसण्याआधीच होऊन गेला होता. सगळ्यात चिवट गाठ भलत्याच शहरात, भलत्याच माणसांनी सोडवली. आणि कचेरी कुठे थाटायची, हा वरवर किरकोळ प्रश्न सह्या होऊन वर्ष उलटलं तरी तसाच पडून होता. टेबलावरही कमी काही झालं नाही, त्याकडे येईनच. पण सुरुवात कोळशापासून करायला हवी.

पेच

फ्रान्सच्या लोरेन प्रांतात लोहखनिज मुबलक. ते वितळवायला कोक लागतो, आणि कोक करण्याजोगा चांगला कोळसा होता जर्मनीच्या रूर खोऱ्यात. दोन्हींच्या मधून जाणारी सीमा १८७१, १९१९, १९४० आणि १९४५ अशी चार वेळा सरकली. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या पुनर्बांधणीची योजना जाँ मोने यांच्या नियोजन आयोगाने आखली, तेव्हा रूरचा कोळसा मिळत राहील हे त्यात गृहीतच होतं. म्हणजे फ्रान्सच्या नव्या पोलाद कारखान्यांचा हिशेब परक्याच्या खाणीवर मांडलेला होता.

तो कोळसा मिळत राहावा म्हणून एप्रिल १९४९ मध्ये ‘आंतरराष्ट्रीय रूर प्राधिकरण’ नावाची संस्था उभी केली गेली. किती कोळसा आणि कोक निर्यात व्हायचा आणि किती जर्मनीत राहायचा, हे तिने ठरवायचं. जर्मनांना ती जोखडासारखी वाटे आणि फ्रेंचांना ती दुबळी वाटे. शिवाय जर्मनीच्या पोलाद उत्पादनावर मित्रराष्ट्रांनी घातलेली वर्षाला १ कोटी ११ लाख टनांची मर्यादा होती आणि ती वाढवून मिळावी म्हणून पश्चिम जर्मनीचं बॉनमधलं नवं सरकार हटून बसलं होतं. सीमेवरचा सार हा जर्मन खाणप्रदेश फ्रान्सने आर्थिकदृष्ट्या स्वतःला जोडून घेतला होता. मार्च १९५० मध्ये त्याबद्दल नवे करारनामे झाले आणि जर्मनीत संतापाची लाट उसळली.

शीतयुद्ध तापू लागलं तसं अमेरिकेला पश्चिम जर्मनी सशक्त हवी होती. अमेरिकी परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचेसन यांनी सप्टेंबर १९४९ मध्येच फ्रेंच परराष्ट्रमंत्री रोबेर शुमाँ यांना सांगून ठेवलं होतं की जर्मनीचं पुढे काय करायचं ते फ्रान्सने सुचवावं. मे १९५० च्या दुसऱ्या आठवड्यात लंडनला अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक ठरली. तारीख जवळ येत चालली, आणि ‘नको’ म्हणण्यापलीकडे फ्रान्सच्या पोतडीत काही नव्हतं. नियंत्रणं आज ना उद्या जाणार हे स्पष्ट होतं. हातून जाणारच असलेल्या वस्तूच्या बदल्यात काय मिळवायचं, एवढाच प्रश्न उरला होता.

नऊ मसुदे आणि एक रेल्वे डबा

मोने हे कोन्याक गावच्या ब्रँडीच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. पदवी नाही, कधी निवडणूक लढवली नाही, मंत्रिपद नाही. पण दोन्ही महायुद्धांत मित्रराष्ट्रांच्या पुरवठ्याची गणितं जुळवलेली, त्यामुळे लंडन-वॉशिंग्टनमधल्या नेमक्या माणसांशी घरोबा. माझ्या मते त्यांचं खरं भांडवल तेच होतं. मार्च महिन्यात ते आल्प्समध्ये पायी भटकंतीला गेले आणि टिपणं घेऊन परतले. एप्रिलच्या मध्यावर पोल रॉयतेर नावाचे कायद्याचे प्राध्यापक भेटले. मग एत्येन इर्श आणि प्येर युरी हे दोन सहकारी सोबत घेऊन मार्तिन्याक रस्त्यावरच्या १८ नंबरच्या इमारतीत मसुदा सुरू झाला. तीन आठवड्यांत त्याची नऊ रूपं झाली.

कल्पना दोन वाक्यांत मावणारी होती. फ्रान्स आणि जर्मनीचं कोळसा-पोलादाचं सगळं उत्पादन एका समाईक उच्च प्राधिकरणाच्या हाताखाली आणायचं आणि इतर युरोपीय देशांनाही दार उघडं ठेवायचं. या प्राधिकरणाचे निर्णय सदस्य देशांवर बंधनकारक. रूर प्राधिकरण एकट्या जर्मनीवर बसलं होतं, हे दोघांवर सारखं बसणार होतं. जर्मनीला बरोबरी मिळणार होती आणि फ्रान्सला कोळसा. हातून निसटणाऱ्या नियंत्रणाचं नाणं फ्रान्सने ते खोटं ठरायच्या आत बाजारात वटवलं, असं मी म्हणेन.

मसुदा वर पोचवायचा कसा? मोने यांनी एक प्रत पंतप्रधान जॉर्ज बिदो यांच्या कार्यालयात धाडली, ती तिथेच पडून राहिली. दुसरी शुमाँ यांचे कार्यालयप्रमुख बेर्नार क्लापिए यांच्याकडे गेली. शुमाँ दर शनिवार-रविवारी लोरेनमधल्या आपल्या घरी जात. एप्रिलच्या अखेरीस क्लापिए यांनी पॅरिसच्या पूर्व स्थानकावर त्यांना गाडीत गाठलं आणि कागद हातात दिले. सोमवारी त्याच स्थानकावर शुमाँ उतरले ते मसुदा वाचला, हे काम माझं, अशा अर्थाचं बोलतच.

शुमाँ यांनी ते काम अंगावर का घेतलं, हे त्यांच्या कुंडलीतच दिसतं. जन्म लक्झेंबर्गमधला, वडील लोरेनचे, शिक्षण जर्मन विद्यापीठांत. पहिल्या महायुद्धापर्यंत ते कायद्याने जर्मन होते. पुढे फ्रेंच खासदार झाले आणि १९४० मध्ये गेस्टापोने त्यांना पकडलं. सीमा सरकली की माणसाचं काय होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

यानंतर आठवडाभर अळीमिळी गुपचिळी. ज्या परराष्ट्र खात्याच्या नावाने ही योजना जाहीर व्हायची होती, त्याच्याच बहुतेक अधिकाऱ्यांना पत्ता नव्हता. फ्रान्सच्या पोलाद कारखानदारांना तर कुणी विचारलंच नाही. हे लोकशाहीत बसतं का, असा प्रश्न पडतो आणि तो पडायलाच हवा. पण आधी विचारलं असतं तर खाती, संघटना आणि वर्तमानपत्रं यांच्या गिरणीतून मसुद्याचं पीठ होऊन बाहेर आलं असतं, हेही तितकंच खरं.

रविवारी ७ मे रोजी अ‍ॅचेसन पॅरिसला आले, तेव्हा शुमाँ यांनी त्यांना विश्वासात घेतलं. अ‍ॅचेसन यांची पहिली शंका रास्त होती: हे आंतरराष्ट्रीय कार्टेल तर नव्हे? म्हणजे कारखानदारांनी संगनमताने भाव आणि बाजार वाटून घ्यायचे, वर सरकारी शिक्का. मोने यांनी समजूत घातली. ही शंका लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येते.

मंगळवार, ९ मे. सकाळी पॅरिसला मंत्रिमंडळाची बैठक चालू, आणि तिकडे शुमाँ यांचा दूत बॉनला चान्सेलर कोनराड आडेनाउर यांच्यासाठी पत्र घेऊन पोचलेला. आडेनाउरही त्या वेळी आपल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत होते. चिठ्ठी आत गेली, त्यांनी वाचली आणि होकार दिला. तो होकार फोनवरून पॅरिसला पोचल्यावरच शुमाँ यांनी आपल्या मंत्रिमंडळापुढे विषय काढला. सांगतात की ते इतकं मोघम आणि हळू आवाजात बोलले की कशाला मान्यता दिली हे बऱ्याच मंत्र्यांना नीट कळलंच नाही. संध्याकाळी केदॉर्सेवरच्या परराष्ट्र खात्यात, घड्याळाच्या दालनात पत्रकार जमले. निवेदन वाचून झाल्यावर एकाने विचारलं, म्हणजे ही अज्ञातात उडीच की? शुमाँ उत्तरले: होय, अज्ञातात उडी.

वाटाघाटींच्या दृष्टीने खरं काम इथे संपलं होतं. जर्मनीचा होकार खिशात, अमेरिकेचा आशीर्वाद जवळ. उरलेल्यांनी आत यायचं की बाहेर राहायचं एवढंच ठरवायचं होतं.

ब्रिटन: रात्री आठपर्यंत उत्तर द्या

ब्रिटनला आधी काहीही सांगितलं गेलं नव्हतं. परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन आजारी होते. बातमी कळल्यावर ते भडकले, आणि अ‍ॅचेसन यांना आधीच सगळं ठाऊक होतं हे समजल्यावर आणखीच. मित्रांनी पाठीमागे कट केला अशीच त्यांची समजूत झाली.

मोने ब्रिटनचे शत्रू होते असं म्हणता यायचं नाही. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळत असताना दोन्ही देशांचं एकच राज्य करावं हा प्रस्ताव पुढे रेटणारे तेच. १९४९ च्या वसंतातही त्यांनी ब्रिटिश नियोजनाचे प्रमुख एडविन प्लाउडन यांना घरी बोलावून दोन अर्थव्यवस्था जोडण्याची चर्चा करून पाहिली होती. निष्पन्न काही झालं नाही. त्यावरून मोने यांनी निष्कर्ष काढला की ब्रिटिशांसमोर कल्पना ठेवली तर ते तिला कापून-छाटून बेताची करतील, पण घडलेली वस्तू ठेवली तर तिच्याशी जुळवून घेतील.

म्हणून अट अशी: उच्च प्राधिकरणाचं तत्त्व आधी मान्य करा, मग टेबलावर या. बाकी सगळ्यावर बोलू. ब्रिटनची तयारी उलटी होती: आम्ही येतो, बसतो, बघतो, तत्त्वाचं नंतर ठरवू. मेच्या अखेरीस दोन्ही राजधान्यांत खलित्यांची नुसती झोड उठली. शेवटी १ जूनला फ्रान्सने कळवलं की दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत उत्तर हवं.

त्या दिवशी लंडनमध्ये उत्तर द्यायला होतं कोण? पंतप्रधान अ‍ॅटली आणि अर्थमंत्री क्रिप्स सुट्टीवर, तेही फ्रान्समध्येच. बेव्हिन रुग्णालयात. कारभार हर्बर्ट मॉरिसन यांच्याकडे. अधिकारी त्यांना शोधत निघाले तेव्हा ते नाटक पाहून एका रेस्टॉरंटमध्ये आले होते. तिथेच मागच्या बाजूला उभ्या उभ्या त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की हे जमणार नाही, डरहॅमचे खाणकामगार खपवून घेणार नाहीत. २ जूनच्या मंत्रिमंडळ बैठकीत नकारावर शिक्का बसला.

मॉरिसन यांच्या त्या वाक्यावर पुढे बरीच टिंगल झाली. मला ते तितकंसं पोरकट वाटत नाही. ब्रिटनने १ जानेवारी १९४७ ला खाणींचं राष्ट्रीयीकरण केलं होतं, पोलादाचा कायदाही संमत झाला होता. कामगारांच्या दोन पिढ्यांनी जे मागितलं ते आत्ता कुठे पदरात पडलं होतं. ते लगेच परदेशातल्या नऊ माणसांच्या हवाली करायचं, हे मजूर पक्षाच्या मंत्र्याने कुठल्या तोंडाने सांगायचं? शिवाय सहा देश आणि ब्रिटन मिळून जेवढा कोळसा निघे, त्यातला निम्मा एकट्या ब्रिटनचा. गरज त्यांना नव्हती.

तरी एक गोष्ट खटकते. नेदरलँड्सलाही तत्त्व आधी मान्य करणं जड जात होतं. त्यांनी काय केलं? मान्य केलं, आणि सोबत लेखी राखीव भूमिका जोडली की चर्चेत हे तत्त्व व्यवहार्य नाही असं दिसलं तर आम्हाला परत फिरायची मुभा राहील. फ्रान्सने ती चालवून घेतली. तीच पळवाट ब्रिटनने मागितली असती तर? मोने यांनी ती दिली असती असं मला वाटत नाही. लहान देशाची पळवाट टेबल हलवत नाही, मोठ्याची हलवते. पण तशी मुभा मागून बघायला कुणाची ना नव्हती. ३ जूनला सहा देशांचं संयुक्त पत्रक निघालं आणि ब्रिटन बाहेर राहिला. त्याच महिन्याच्या अखेरीस ब्रिटिश संसदेत यावर चर्चा झाली. एडवर्ड हीथ नावाच्या नव्या खासदाराने आपलं पहिलंच भाषण ‘आत जा’ असं सांगण्यासाठी केलं. १९७३ मध्ये त्यांच्याच पंतप्रधानपदाच्या काळात ब्रिटन आत गेला.

टेबलावर

२० जून १९५० रोजी परिषद त्याच घड्याळाच्या दालनात सुरू झाली आणि लवकरच मोने यांच्या मार्तिन्याक रस्त्यावरच्या कार्यालयात हलली. जेवणाच्या टेबलावर जे बोललं जातं ते झुंबरांखाली बोललं जात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आपण इथे आपापल्या देशाची बाजू मांडायला आलेलो नाही, समाईक प्रश्न सोडवायला आलोय, असं त्यांनी पहिल्याच दिवसांत सगळ्यांना बजावलं. ऐकायला हे प्रवचन वाटतं. पण यजमान, अध्यक्ष आणि मसुद्याचा लेखक, तिन्ही आपणच असलो की असं प्रवचन बरंच सोयीचंही पडतं!

जर्मन शिष्टमंडळाचे प्रमुख वाल्टर हालश्टाइन कायद्याचे प्राध्यापक होते. युद्धात अमेरिकनांच्या हाती सापडले, तेव्हा मिसिसिपीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्यांनी विद्यापीठ चालवलं होतं. कारखानदाराऐवजी प्राध्यापक पाठवला यातच आडेनाउर यांचा इरादा कळतो. त्यांना पोलादाच्या टनांपेक्षा बरोबरीच्या खुर्चीची किंमत जास्त होती. इटलीकडून पाओलो एमिलिओ ताव्यानी, बेल्जियमकडून मॅक्सिमिलियाँ स्यूटान्स, लक्झेंबर्गकडून आल्बेर वेरेर. आणि नेदरलँड्सकडून डर्क स्पीरेनबर्ग, ज्यांनी मोने यांची झोप उडवली.

मोने यांच्या मूळ आराखड्यात उच्च प्राधिकरणाचे सदस्य कुठल्याही सरकारचं न ऐकणारे स्वतंत्र लोक होते. त्यांच्यावर एक सभा आणि दाद मागायला न्यायव्यवस्था, बस. स्पीरेनबर्ग यांनी पहिल्याच फेरीत साधा प्रश्न विचारला: या लोकांनी खाण बंद केली आणि हजारो माणसं रस्त्यावर आली, तर निस्तरणार कोण? आमचंच सरकार. मग आमच्या सरकारला बोलायची जागा कुठे आहे? डच सरकारला उत्तर असं हवं होतं की प्राधिकरणाच्या जोडीला मंत्र्यांची परिषद असावी. बेल्जियमनेही री ओढली. मोने यांना हे आपल्या कल्पनेला सुरुंग लावण्यासारखं वाटलं. पण जुलैच्या मध्यापर्यंत त्यांनी परिषद मान्य केली, तिचे अधिकार मात्र मर्यादित ठेवायची धडपड चालू ठेवली.

तत्त्वासाठी ब्रिटनला दारातून परत पाठवणारा माणूस महिन्याभरात त्या तत्त्वालाच मुरड घालतो, ही मला या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते. युरोपियन युनियनची मंत्रिपरिषद आज इतकी वजनदार आहे, आणि तिचं मूळ मोने यांच्या नऊ मसुद्यांत नाही, एका डच अधिकाऱ्याच्या हट्टात आहे.

बाकी देशांची गाऱ्हाणी नेहमीच्या धाटणीची होती आणि नेहमीच्या रीतीने मिटली. बेल्जियमच्या खाणी जुन्या, खोल आणि खर्चिक. सीमा उघडल्या तर रूरच्या स्वस्त कोळशापुढे त्या बसल्या असत्या. तोडगा असा निघाला की संक्रमणाच्या पाच वर्षांत स्वस्तात कोळसा काढणाऱ्या देशांच्या, म्हणजे जर्मनी आणि नेदरलँड्सच्या, कोळशावर थोडी वर्गणी बसवायची, ती वर्षागणिक उतरवत न्यायची आणि ते पैसे मुख्यतः बेल्जियमच्या खाणींना सावरायला वापरायचे. इटलीला पोलादावरची जकात एकदम उतरवायची नव्हती आणि फ्रान्सच्या ताब्यातल्या उत्तर आफ्रिकेतलं लोहखनिज हवं होतं. जकातीला पाच वर्षांची सवलत मिळाली, खनिजाचं फ्रान्सशी वेगळं जुळवलं गेलं. लक्झेंबर्गची तर सगळी अर्थव्यवस्थाच पोलादावर, त्यामुळे वेरेर कमी बोलत आणि प्रत्येक कलम दोनदा वाचत असतील तर नवल नाही.

कोरिया आणि रूर

परिषद सुरू होऊन पाच दिवस झाले नाहीत तोच, २५ जूनला, कोरियात युद्ध पेटलं. पॅरिसच्या त्या टेबलावर त्याचा धक्का सप्टेंबरात बसला. जर्मन सैन्य पुन्हा उभं करायला हवं, असं अमेरिकेने मित्रांना सांगितलं. जगभर पोलादाची मागणीही भडकली, आणि १ कोटी ११ लाख टनांच्या मर्यादेला अर्थ उरला नाही. मे महिन्यात जर्मनी बरोबरीची खुर्ची मिळावी म्हणून काहीही द्यायला तयार होती. आता ती खुर्ची दुसऱ्या, लष्करी दरवाजाने आपोआप मिळेल असं दिसू लागलं. रूरच्या कारखानदारांचा आवाज चढला. सोयीचा नसलेला करार घाईने कशाला करायचा?

मोने यांनी इथेही जुनीच युक्ती केली. जर्मन सैन्य नको म्हणत बसण्याऐवजी युरोपियन सैन्याचा प्रस्ताव तयार केला. पंतप्रधान रने प्लेवां यांनी तो २४ ऑक्टोबरला मांडला आणि अट घातली की आधी कोळसा-पोलाद करारावर सही, मग सैन्य. लष्करी दरवाजाला कुलूप लागलं आणि चर्चा पुन्हा मार्तिन्याक रस्त्यावर आली. ती सैन्याची योजना १९५४ मध्ये फ्रान्सच्याच संसदेने बुडवली, पण तोवर तिचं काम झालं होतं.

खरी चिवट गाठ होती रूरमधल्या मक्तेदारीची. रूरचा सगळा कोळसा एकाच विक्रीसंस्थेमार्फत विकला जाई, ‘डॉइचर कोलेनफरकाउफ’ तिचं नाव. फ्रान्सच्या गिरणीला टनभर कोक हवा असला तरी त्याच खिडकीवर उभं राहायचं, आणि भाव परदेशी गिऱ्हाइकाला वेगळा. दुसरी गोष्ट म्हणजे मोठ्या पोलाद कंपन्यांच्या स्वतःच्या कोळसा खाणी होत्या. ही दोन्ही हत्यारं शाबूत राहिली तर समाईक बाजार नावापुरताच, ही फ्रान्सची भीती. आपली घडी मोडून आपल्याला पंगू करून मग बरोबरीने शर्यतीत उतरा म्हणताय, ही जर्मन कारखानदारांची तक्रार. पोलाद आणि कोळशाची सांगड हे तंत्रज्ञानाचं गणित आहे, कारस्थान नाही, असं ते म्हणत, आणि त्यात तथ्यही होतं.

यावर सहा देशांच्या टेबलावर काहीच सुटेना, कारण कंपन्या फोडायचा अधिकार त्या सहांपैकी कुणाकडेच नव्हता. तो होता जर्मनीवरच्या मित्रराष्ट्रांच्या उच्चायोगाकडे, आणि त्यातही वजन अमेरिकेचं. तिथे उच्चायुक्त होते जॉन मॅक्लॉय, मोने यांचे जुने स्नेही. मॅक्लॉय यांच्या हाताखाली रॉबर्ट बोई नावाचे हार्वर्डचे कायदेतज्ज्ञ होते. संगनमत आणि मक्तेदारी यांना आळा घालणाऱ्या दोन कलमांचा मसुदा त्यांनी घडवला आणि मोने यांच्या माणसांनी तो फ्रेंच कायद्याच्या भाषेत बसवला. अ‍ॅचेसन यांच्या त्या पहिल्या शंकेचं उत्तर असं अमेरिकन हातानेच लिहिलं गेलं. युरोपच्या स्पर्धाविषयक कायद्याची ही दोन कलमं आद्यपूर्वज, आणि ज्या टेबलावर अमेरिकेला खुर्चीच नव्हती त्या टेबलावरून ती बाहेर आली.

१९५०-५१ चा सगळा हिवाळा मॅक्लॉय, आडेनाउर, कारखानदार आणि कामगार संघटना यांच्यात ओढाताण चालली. संघटनांचं एक वेगळंच होतं. त्यांचे पुढारी हान्स ब्योक्लर यांनी योजनेला पाठिंबा दिला, पण कोळसा आणि पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळांत कामगारांना निम्म्या जागा हव्यात, ही मागणी आडेनाउर यांच्याकडून त्याच सुमारास मान्य करून घेतली. विरोधी पक्षनेते कुर्ट शुमाखर योजनेवर तुटून पडत होते, तेव्हा कामगार संघटना आपल्या बाजूला असणं आडेनाउर यांना फार मोलाचं होतं.

मार्च १९५१ च्या सुरुवातीला मॅक्लॉय यांनी चर्चा थांबवून तोडगा समोर ठेवला. विक्रीसंस्था टप्प्याटप्प्याने बंद. पोलाद कंपन्यांनी स्वतःच्या खाणी ठेवायच्या तर आपल्या गरजेच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कोळसा त्यातून निघेल इतक्याच. १४ मार्चला आडेनाउर यांनी होकार कळवला. १९ मार्चला पॅरिसमध्ये मसुद्यावर सहा शिष्टमंडळांच्या आद्याक्षरी सह्या झाल्या. बॉनहून होकार येताच पाच दिवसांत!

सह्या

उरलेलं परराष्ट्रमंत्र्यांनी एप्रिलमध्ये मिटवलं. प्राधिकरणात नऊ जण, एका देशाचे दोनपेक्षा जास्त नाहीत. सभेत ७८ जण: फ्रान्स, जर्मनी आणि इटलीचे प्रत्येकी १८, बेल्जियम आणि नेदरलँड्सचे प्रत्येकी १०, लक्झेंबर्गचे ४. जर्मनीचं उत्पादन जास्त असूनही फ्रान्सइतक्याच जागा, आणि आडेनाउर यांनी त्यावर घासाघीस केली नाही. त्यासाठी ते पॅरिसला आले, तीच त्यांची चान्सेलर म्हणून पहिली अधिकृत परदेश भेट. सारवरून मात्र अखेरच्या क्षणापर्यंत तणातणी होती. करारात ती गाठ सोडवलीच नाही. सहीने सारच्या दर्जाला मान्यता मिळाली असं होत नाही, अशी पत्रं दोन्ही बाजूंनी एकमेकांना दिली आणि विषय बाजूला ठेवला. १९५५ मध्ये सारच्या लोकांनी मतदानाने त्याचा निकाल लावला.

१८ एप्रिल १९५१ रोजी घड्याळाच्या दालनात ५० वर्षांच्या मुदतीच्या, १०० कलमांच्या करारावर सह्या झाल्या. त्याच्या प्रतीबद्दल मोठ्या कौतुकाने सांगतात: छपाई फ्रान्सच्या सरकारी छापखान्याची, कागद डच, शाई जर्मन, बांधणी बेल्जियम-लक्झेंबर्गची, रेशमी फिती इटलीच्या. आणि तितक्याच कौतुकाने दुसरी आठवणही सांगितली जाते की मजकूर वेळेत जुळला नव्हता, म्हणून मंत्र्यांनी सह्या केल्या त्या कोऱ्या पानावर. मला दोन्ही एकदम खऱ्या मानायला आवडतं.

रूरची विक्रीसंस्था करारानंतर मोडली खरी, पण १९५३ मध्ये तिच्या जागी सहा विक्रीसंस्था आल्या, आणि त्या सहांवर एक समाईक कचेरी. दाराची पाटी बदलली, खिडकी तीच. प्राधिकरणाला त्या कचेरीशी पुढे कित्येक वर्षं झगडावं लागलं. मॅक्लॉय यांच्या त्या हिवाळ्याचं हे फळ बघितलं की वाटतं, कलम लिहिणं सोपं होतं.

आणि कचेरी

पाच संसदांनी आणि मग सहाव्यानेही मान्यता दिल्यावर जुलै १९५२ मध्ये करार लागू झाला. तरी प्राधिकरण बसणार कुठे, हे ठरलं नव्हतं! मंत्री पॅरिसला जमले. शहरांची नावं एकेक करून पुढे आली: हेग, तुरीन, स्ट्रासबुर्ग, सारब्रुकेन. बेल्जियमने ब्रसेल्स दिलं असतं तर बहुतेकांनी ते उचललं असतं, पण परराष्ट्रमंत्री पोल वान झीलांद यांना घरच्या राजकारणामुळे लिएजशिवाय दुसरं नाव घेता येईना. रात्र सरत आली. लक्झेंबर्गचे योझेफ बेच बराच वेळ डुलक्या घेत असल्यासारखे बसून होते. पहाटे ते बोलले: काम लगेच लक्झेंबर्गमध्ये सुरू करू, मग निवांत विचार करायला वेळ मिळेल. सगळे इतके थकले होते की कुणी हरकत घेतली नाही.

१० ऑगस्ट १९५२ ला मोने यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणाचं काम लक्झेंबर्गमध्ये ‘तात्पुरतं’ सुरू झालं. फेब्रुवारी १९५३ मध्ये कोळशाचा समाईक बाजार उघडला, मे महिन्यात पोलादाचा. करार आपली ५० वर्षं पुरी करून जुलै २००२ मध्ये संपला. युरोपचं न्यायालय अजूनही लक्झेंबर्गमध्येच भरतं.